जुनं बेकेलाइट: ओळखायचं कसं, हाताळायचं कसं, जपायचं कसं

आत्याचं घर आवरताना माझ्या वाट्याला एक पत्र्याची पेटी आली. आत एक काळा टेलिफोन, रेडिओचे चार नॉब, दोन प्लग, मधाच्या रंगाच्या जाड बांगड्यांची जोडी, कासवाच्या पाठीसारखी ठिपकेदार फणी आणि डबाभर बटणं. "हे सगळं बेकेलाइट आहे, सांभाळून ठेव," असं ज्यानं त्यानं सांगितलं. बेकेलाइट म्हणजे फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड या रसायनांपासून बनवलेलं जुनं, कडक प्लास्टिक. मी सगळं एका घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिलं. दोन वर्षांनी डबा उघडला तर नाकात झोंबणारा वास आला. फणीचे दात चुरा होऊन तळाशी पडले होते, उरलेली फणी चिकट झाली होती आणि शेजारच्या प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. फणी बेकेलाइटची नव्हतीच. ती सेल्युलॉइड या त्याहून जुन्या प्लास्टिकची होती, आणि सडताना तिनं शेजारच्या वस्तूही नासवल्या.

तेव्हापासून मी या वस्तूंचा पिच्छा पुरवला आहे. तुमच्याकडेही अशी एखादी पेटी आली असेल, किंवा जुन्या वस्तू जमवायला तुम्ही नुकती सुरुवात केली असेल, तर खाली दिलेल्या क्रमानं जा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातली एखादी चाचणी चुकीच्या वस्तूवर केली तर वस्तू कायमची खराब होते.

आधी हे सामान जमवा

- दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि चांगला उजेड
- मऊ सुती कापड, मऊ केसांचा ब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या
- कोमट पाणी, साधं मीठ, एक काचेचं भांडं
- धातू चकाकवायची पेस्ट, अगदी थोडी
- पातळ रबरी हातमोजे
- पुठ्ठ्याचे छोटे खोके आणि आम्लरहित टिश्यू कागद
- एक वही, मोबाइलचा कॅमेरा आणि वस्तूबरोबर आलेली कागदपत्रं: पावती, जुनी माहितीपत्रकं, वॉरंटीचं कार्ड, ती वस्तू दिसत असलेला घरचा जुना फोटो

तापवलेली सुई, लायटर, सँडपेपर, स्पिरिट, अ‍ॅसिटोन आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण मात्र टेबलाच्या आसपासही ठेवू नका. यातल्या बहुतेकांचं कारण पुढे येईलच.

१. इतिहास एकदा नीट समजून घ्या

ही पायरी टाळून थेट चाचण्यांकडे जाऊ नका. वस्तू काळी का, पांढरी का नाही, तिच्यावर जोडाची रेघ का दिसते किंवा का दिसत नाही, या सगळ्याची उत्तरं हा पदार्थ कसा तयार झाला यात आहेत.

बेकेलाइटच्या आधीची प्लास्टिकं निसर्गातला एखादा पदार्थ घेऊन, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेली होती. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात 'पार्केसिन' मांडलं. ते कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तयार केलेलं होतं. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट आणि त्यांचे भाऊ आयझाया यांनी त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड आणलं आणि १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हायट यांची खटपट सुरू झाली ती बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना. पुढे फण्या, बाहुल्या, शर्टाच्या कॉलरी आणि सिनेमाची फिल्म, सगळं सेल्युलॉइडचं होऊ लागलं. १८९७ च्या सुमारास जर्मनीत दुधातल्या केसीन या प्रथिनावर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून गॅलालिथ हे प्लास्टिक आलं. खाली त्याला नुसतं केसीन म्हटलं आहे. त्याची बटणं आजही जुन्या कपड्यांवर सापडतात.

आता बेकेलाइट. लिओ बेकलंड हे बेल्जियममधल्या घेंट शहरात १८६३ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. १८८९ मध्ये ते अमेरिकेत गेले, 'वेलॉक्स' नावाचा फोटोचा कागद त्यांनी शोधला आणि १८९९ मध्ये तो व्यवसाय जॉर्ज ईस्टमन यांना विकला. त्या पैशातून न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये त्यांनी घरालगत प्रयोगशाळा थाटली. वीज सर्वत्र पोचत होती आणि तारांना, यंत्रांना विद्युतरोधक लागत होता. त्या काळी तो लाखेपासून मिळे, आणि लाख म्हणजे किड्यांनी झाडावर तयार केलेला पदार्थ. तो वाटेल तेवढा कुठून आणणार? बेकलंड यांना लाखेची जागा घेईल असं काहीतरी हवं होतं.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केले की चिकट राळ तयार होते हे आडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच पाहिलं होतं. अडचण अशी की मिश्रण फसफसून घट्ट व्हायचं, भांड्याला चिकटायचं आणि मग कशातच विरघळायचं नाही. भांडंच फेकून द्यावं लागे. बेकलंड यांनी प्रक्रिया टप्प्यांत वाटून घेतली. मधल्या टप्प्यावर राळ थांबवायची, ती साच्यात घालायची आणि मग उष्णतेबरोबर दाब द्यायचा. दाबामुळे आतल्या वाफा राळेला फुगवत नाहीत आणि भरीव, गुळगुळीत वस्तू मिळते. 'उष्णता आणि दाब' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पेटंटसाठी त्यांनी १३ जुलै १९०७ रोजी अर्ज केला. ब्रिटनमधले जेम्स स्विनबर्न याच रसायनावर काम करत होते आणि पेटंटच्या शर्यतीत ते अवघ्या एका दिवसानं मागे पडले. ५ फेब्रुवारी १९०९ रोजी बेकलंड यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा शोध जाहीर केला, त्याच वर्षी ७ डिसेंबरला ९,४२,६९९ क्रमांकाचं पेटंट मिळालं आणि १९१० मध्ये कंपनी उभी राहिली. ज्या भांड्यात सुरुवातीचं बेकेलाइट शिजलं, ते 'बेकेलायझर' आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. जाड लोखंडी पोटाचं ते पात्र पाहिलं की दाब किती लागत असेल याचा अंदाज येतो.

निसर्गातला कुठलाही रेणू आयता न घेता, पूर्णपणे माणसानं जुळवलेलं हे पहिलं प्लास्टिक. फिनॉलच्या प्रत्येक रेणूला तीन ठिकाणी जोड घेता येतो, त्यामुळे साखळ्या नुसत्या लांब होत नाहीत, एकमेकींत गुंतून सगळी वस्तू म्हणजे एकच जाळं होऊन बसते. भाजलेली वीट पुन्हा चिखल होत नाही, तसं एकदा घट्ट झालेलं बेकेलाइट तापवून वितळत नाही. फार तापवलं तर करपतं, इतकंच.

ओळखण्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी इथूनच निघतात.

एक: शुद्ध राळ ठिसूळ असते, म्हणून साच्यात घालायच्या भुकटीत लाकडाचा बारीक भुसा, कापसाचे तंतू, अभ्रक किंवा अ‍ॅस्बेस्टॉस मिसळत. भुशामुळे आणि राळेच्या स्वतःच्या रंगामुळे वस्तू काळी, तपकिरी, गडद लाल किंवा गडद हिरवी होते. पांढरं किंवा फिकट गुलाबी साच्यातलं बेकेलाइट शोधत बसू नका. तसे रंग १९२० च्या दशकात आलेल्या युरिया-फॉर्मल्डिहाइडमध्ये मिळू लागले.

दोन: बेकलंड यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर, १९२७ च्या सुमारास, अमेरिकेत कॅटलिन आलं. रसायन तेच, पण भुसा न घालता. पातळ राळ शिशाच्या साच्यात ओतायची, भट्टीत कित्येक दिवस मंद आचेवर ठेवायची, मग निघालेल्या कांड्या आणि नळ्या कापून, लेथवर घासून वस्तू करायच्या. यात पिवळे, लाल, हिरवे, संगमरवरी, अर्धपारदर्शक असे सगळे रंग येतात. बांगड्या, हातातल्या मुठी, बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि काही झगझगीत रेडिओ याचेच. बाजारात दोन्हींना बेकेलाइटच म्हणतात. आत्याच्या बांगड्या कॅटलिनसारख्या ओतीव राळेच्या निघाल्या.

तीन: बेकेलाइट कंपनी मुख्यतः भुकटी आणि राळ विकायची, वस्तू दुसरे कारखाने बनवायचे. म्हणून वस्तूवर बेकेलाइटचं नाव किंवा 'बी' अक्षराबरोबरची अनंताची खूण नसेल तर निराश होऊ नका. बहुतेक अस्सल वस्तूंवर ती नसतेच.

२. सेल्युलॉइड पहिल्याच दिवशी वेगळं काढा

बाकी सगळ्या पायऱ्या सावकाश झाल्या तरी चालतील, ही नाही. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. स्फोटक म्हणून वापरल्या जाणाऱ्या 'गन कॉटन'चं ते जवळचं भावंड. ते भराभर पेटतं आणि जुनं होताना नायट्रोजनचे आम्लयुक्त वायू सोडतं. वायू साठून राहिले की ऱ्हास आणखी वेगानं होतो. माझ्या घट्ट झाकणाच्या डब्यानं नेमकं हेच केलं.

कुठल्या वस्तूंवर संशय घ्यायचा? पातळ आणि हलक्या फण्या, केसांचे चाप, हस्तिदंतासारख्या बारीक रेघा असलेले आरशाचे दांडे, पोकळ बाहुल्या, चष्म्याच्या जुन्या फ्रेमी, पेनांची रंगीत नळकांडी. अंगठ्यानं दहा-पंधरा सेकंद जोरात चोळून लगेच नाकाशी धरा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. विटू लागल्याच्या खुणाही माहीत असू द्या: पिवळेपणा, पृष्ठभागावर घामासारखे थेंब, आत चौकोनी तडे, जवळच्या धातूवर हिरवट थर, झोंबणारा वास. अशी वस्तू हातमोजे घालूनच उचला आणि बाकीच्यांपासून लांब, हवा खेळेल अशा जागी न्या.

गुंडाळीतली जुनी ३५ मिलिमीटर सिनेमाची फिल्म सापडली तर तिच्याशी खेळू नका. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अशी फिल्म नायट्रेटची असायची. जळताना ती स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून पाण्यात बुडवूनही विझत नाही. चित्रपट संग्रहालय किंवा अग्निशमन दलाला विचारूनच पुढचं ठरवा.

३. भिंग घेऊन बसा

वस्तू खिडकीजवळ धरा आणि कडा बघा. साच्यात दाबलेल्या बेकेलाइटवर दोन साच्यांच्या जोडाची बारीक रेघ सापडते, बहुतेकदा ती घासून सपाट केलेली असते. आतली बाजू मात्र कारागिरानं तशीच सोडलेली असते. टेलिफोनचं बूड उघडलं तेव्हा मला आत साच्याचा क्रमांक, ठोकून बसवलेली पितळी मळसूत्रं आणि न घासलेली मंद काळी भिंत दिसली. बाहेरचा चकचकीत काळा आणि आतला हा करडा काळा शेजारी शेजारी पाहिलं की साच्यातलं बेकेलाइट डोळ्यात कायमचं बसतं.

ओतीव राळेच्या बांगडीवर जोडाची रेघ नसते. आतल्या बाजूला कापल्याच्या किंवा लेथच्या बारीक गोल रेघा असतात. कोरीवकाम असेल तर खाचांच्या कडा हत्यारानं कापलेल्या, थोड्या कमीजास्त असतात. साच्यातून निघालेल्या नकलेत प्रत्येक पाकळी तंतोतंत सारखी आणि कडा गोलसर येते.

रंगाकडे बघताना काळ हिशेबात धरा. उजेड आणि हवेमुळे ओतीव राळेवर पिवळसर थर चढतो. मुळात पांढरी असलेली वस्तू आज लोण्यासारखी पिवळी दिसते, निळी हिरवी दिसते, पारदर्शक मधासारखी दिसते. एखादी बांगडी आज लख्ख पांढरी असेल तर ती एकतर नवी आहे, किंवा तिचा वरचा थर कुणीतरी घासून काढला आहे.

वस्तूवर अमेरिकन पेटंटचा क्रमांक असेल तर तो वहीत उतरवा. दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये दिला गेला, वीस लाखावा १९३५ मध्ये. म्हणजे क्रमांक वीस लाखांच्या पुढचा असेल तर वस्तू १९३५ च्या आधीची असूच शकत नाही. ती किती नंतरची आहे हे मात्र यावरून कळत नाही, कारण एकच साचा वर्षानुवर्षं चालायचा.

४. वजन आणि आवाज

बेकेलाइट आकाराच्या मानानं जड लागतं. दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच टेकवल्या तर खोलगट, ठसठशीत 'ठक्' असा आवाज येतो. अ‍ॅक्रिलिकचा आवाज त्यापेक्षा पातळ आणि उंच असतो. हे वाचून कळत नाही, कानाला सवय लावावी लागते. खात्रीची एक वस्तू जवळ ठेवा आणि प्रत्येक नवी वस्तू तिच्याशी ताडून बघा. आपटू नका. बेकेलाइट कठीण असलं तरी ठिसूळ आहे, टेबलाच्या कडेवरून पडलं तर टवका उडतोच.

५. वासाची चाचणी

माझा सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर आहे. आधी कोरडं चोळून बघा. बेकेलाइटला फिनॉलचा वास येतो, जुन्या कार्बॉलिक साबणासारखा, थोडा दवाखान्याची आठवण करून देणारा. केसीनला करपलेल्या दुधाकडे झुकणारा वास येतो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याला गंधकाचा वास येतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सेल्युलोज अ‍ॅसिटेट, म्हणजे सेल्युलोजपासूनचं दुसरं एक प्लास्टिक आहे.

कोरडं चोळून काहीच कळलं नाही, आणि वस्तू सेल्युलॉइड, केसीन किंवा एबोनाइट नाही याची खात्री असेल, तरच गरम पाण्याच्या धारेखाली अर्धा मिनिट धरून लगेच हुंगा आणि कोरडी पुसा. ही अट गंभीरपणे घ्या. केसीन पाणी पिऊन फुगतं आणि वाकडं होतं. काळं एबोनाइट, म्हणजे जुनी पेनं आणि वाद्यांची तोंडं, गरम पाण्यानं एका क्षणात हिरवट तपकिरी पडतं. उजेडात राहिलेल्या एबोनाइटवर तो रंग आधीच आलेला असतो, ती खूण बघूनच थांबा. आणि ज्या वस्तूच्या आत तारा किंवा यंत्र आहे, ती पाण्याखाली धरायची नाही.

तापवलेल्या सुईची चाचणी अजूनही लोक सांगतात. "सुई आत गेली नाही तर बेकेलाइट," म्हणे. सेल्युलॉइडला तापलेली सुई लावणं म्हणजे आग लावणं, आणि खऱ्या बेकेलाइटवरही तिचा काळा डाग कायमचा राहतो. एका हिरव्या बांगडीच्या आतल्या बाजूला माझ्या हातून असा डाग पडला आहे. बांगडी अस्सल होती.

६. पॉलिशचा पिवळा डाग

कापसाच्या काडीच्या टोकावर धातूच्या पॉलिशचा कणभर ठिपका घ्या आणि वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर हलकेच फिरवा. बेकेलाइटवरचा जुना थर निघून कापूस लिंबासारखा ते मोहरीसारखा पिवळा होतो. मूळ वस्तू लाल असो वा हिरवी, डाग पिवळाच.

नवखे लोक इथेच फसतात. पिवळा डाग आला तर ती मजबूत खूण आहे, पण तो आला नाही म्हणून वस्तू नकली ठरत नाही. काळ्या आणि लाल वस्तू पुष्कळदा डाग देत नाहीत. जिचा वरचा थर आधीच कुणी घासून काढला आहे, तीही देत नाही. अशा वेळी वास, वजन आणि भिंगाखाली दिसलेलं सगळं एकत्र धरा. पॉलिश खरवडणारी असते, म्हणून एका वस्तूवर ही चाचणी एकदाच, आणि छापील अक्षरं किंवा रंगवलेल्या खुणांपासून दूर.

७. मिठाच्या पाण्यात

सुट्या बटणांसाठी आणि मण्यांसाठी ही चाचणी सोपी. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत पाण्यात ढवळत राहा. असं पाणी साध्या पाण्याच्या सुमारे १.२ पट घन असतं. पॉलिस्टायरीन त्यावर तरंगतं, अ‍ॅक्रिलिक जेमतेम तरंगतं, बेकेलाइट सरळ तळाला जातं कारण त्याची घनता १.३ ते १.४ च्या आसपास असते. केसीन आणि सेल्युलॉइडही बुडतात, म्हणून या चाचणीनं फक्त नंतरची हलकी प्लास्टिकं बाजूला पडतात. केसीनचा संशय असलेलं बटण पाण्यात टाकू नका. बाकीची लगेच साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करा, भोकांत मीठ राहू देऊ नका.

८. विजेच्या वस्तू आणि धूळ

जुना रेडिओ, दिवा, प्लग किंवा इस्त्री मिळाली की लावून बघायचा मोह होतो. लावू नका. बेकेलाइट टिकलेलं असतं, पण आतल्या तारांवरचं रबर आणि कापड हात लावताच गळून पडतं. प्लगमधली केसाएवढी चीर झटका बसायला पुरते. व्हॉल्व्हच्या रेडिओत तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक दाबाची वीज साठून राहू शकते. जुनी यंत्रं जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय मागचं झाकणही उघडू नका.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. उष्णता सोसायची होती अशा काही वस्तूंच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं असे, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. अख्ख्या वस्तूत तंतू राळेत बंद असतात, ती हाताळायला हरकत नाही. पण भोक पाडणं, करवतीनं कापणं, घासणं, तुटलेली कड सँडपेपरनं गुळगुळीत करणं हे घरी करायचं नाही.

९. साफ करताना

ब्रशनं धूळ झाडा. मग कापड ओलं करून घट्ट पिळा, सौम्य साबणाचा एक थेंब लावून पुसा, लगेच कोरड्या कापडानं पुन्हा पुसा. बहुतेक वस्तूंना एवढंच पुरतं. शेवटी मेणाच्या पॉलिशचा पातळ हात दिला तर रंग खुलतो.

भिजत घालू नका. वरचा राळेचा तुकतुकीत थर शाबूत असतो तोवर पाणी आत जात नाही, पण तो झिजला असेल तर उघडा पडलेला भुसा पाणी शोषतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. अल्कधर्मी द्रावणं बेकेलाइटला मानवत नाहीत. रेडिओच्या एका नॉबवर मी काच पुसायचं द्रावण फवारलं होतं. उरलेल्या तीन नॉबांशेजारी तो आजही निस्तेज दिसतो. भांडी धुण्याच्या यंत्राचं तर नावच नको.

उन्हात राहून करडा तपकिरी पडलेला टेलिफोन पुन्हा काळाभोर करता येतो का, असं मला नेहमी विचारतात. वरवर करता येतो. खरवडणाऱ्या पॉलिशनं मेलेला थर काढायचा आणि चकाकी आणायची. पण मूळ तुकतुकी साच्याच्या दाबाखाली तयार झालेली असते आणि ती एकदाच मिळते. खाली भुसा जास्त, राळ कमी. म्हणून पॉलिश केलेली वस्तू पुढे अधिक लवकर निस्तेज होते. माझं मत असं की रंग उडाला असेल तर उडू द्यावा, नुसतं मेण लावावं.

तुटलेले तुकडे पाकिटात घालून वस्तूबरोबर ठेवा. बेकेलाइट थर्मोसेट, म्हणजे एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं प्लास्टिक असल्यामुळे ते तापवून किंवा द्रावकानं जुळत नाहीत. दोन भागांचा एपॉक्सी चिकटवतो, पण मग तो जोड उलगडता येत नाही. दुर्मीळ वस्तू असेल तर तुकडे तसेच ठेवून वस्तू-जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

१०. ठेवायची जागा

बेकेलाइटला ऊन लागू देऊ नका, दमट जागा टाळा, बस. ओतीव राळेचे रेडिओ काळाबरोबर आक्रसतात आणि आतल्या उष्णतेनं तडकतात, म्हणून ते दिव्याखाली किंवा हीटरजवळ ठेवू नयेत. बांगड्या एकमेकींवर रचू नका, मधे टिश्यू कागद घाला.

सेल्युलॉइडला वेगळी खोली देता आली तर उत्तम, निदान वेगळं कपाट तरी द्या. थंड, कोरडी, हवेशीर जागा हवी. झाकण सैल असलेला पुठ्ठ्याचा खोका, प्रत्येक वस्तू स्वतंत्र टिश्यू कागदात, जवळ धातू नाही, आगीचं किंवा उष्णतेचं साधन नाही. दर तीन महिन्यांनी उघडून हुंगा आणि खुणा बघा. केसीनला फार दमट आणि फार कोरडी, दोन्ही हवा सोसत नाही, बारीक तडे जातात.

११. विकत घेताना

विकणाऱ्याला आतल्या बाजूचे आणि कडांचे फोटो मागा, फक्त समोरचे नकोत. साच्यातल्या वस्तूच्या जोडाची रेघ, बांगडीची आतली बाजू, मळसूत्रं आणि क्रमांक दिसले पाहिजेत. "फिनॉलचा वास येतो का, चोळून सांगाल?" असं विचारा. उत्तर टाळलं गेलं तर थांबा. आकार जुना आणि राळ आजची, अशा वस्तूंना संग्राहक 'फेकलाइट' म्हणतात. झोकदार संगमरवरी नक्षी, रेशमासारखी हलकी आणि आतून-बाहेरून एकसारख्या रंगाची बांगडी दिसली तर पिवळ्या थराची वाट बघू नका, तो नसणार.

रूपावरून काळ ताडायचा असेल तर काही ओळखीच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. एरिक्सनचा १९३१ चा टेलिफोन, ज्याचा आकार नॉर्वेच्या ज्याँ हायबर्ग यांनी ठरवला. वेल्स कोट्स यांनी रचलेला एक्को या ब्रिटिश कंपनीचा १९३४ चा गोल रेडिओ. त्याच वर्षी आलेला कोडॅकचा छोटा 'बेबी ब्राउनी' कॅमेरा. गोलसर कोपरे, उंचवट्यांच्या समांतर रेघा, तळाकडे रुंद होणारी बैठक हे त्या वर्षांचं वळण. त्यात सोयही होती. टोकदार कोपऱ्यात भुकटी नीट पोचत नाही आणि ठिसूळ कड लवकर तुटते, गोल कोपरा साच्यातून सहज सुटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर झटपट साच्यातून निघणारी, हलकी, पांढरीशुभ्र होऊ शकणारी प्लास्टिकं आली आणि घरातल्या दर्शनी वस्तूंमधून बेकेलाइट मागे पडलं. संपलं नाही. तव्याच्या मुठी, विजेची उपकरणं, तपकिरी सर्किट बोर्ड, गाड्यांचे ब्रेक, प्लायवूडचा डिंक, सगळीकडे फिनॉलची राळ आहे. १९९९ मध्ये निघालेल्या 'स्टारडस्ट' यानाची कुपी २००६ मध्ये धूमकेतूची धूळ घेऊन पृथ्वीवर परतली, तेव्हा वातावरणात शिरतानाच्या उष्णतेपासून तिला वाचवणाऱ्या ढालीत कार्बनच्या तंतूंमध्ये फिनॉलचीच राळ भरलेली होती. तेव्हा मूठ नवी आहे म्हणून ती बेकेलाइट नसेल असंही समजू नका.

१२. वही लिहा

प्रत्येक वस्तूला एक पान द्या. वजन, माप, रंग, आतले क्रमांक, कुठली चाचणी कधी केली आणि काय दिसलं, वस्तू कुणाकडून आली. शेवटचा रकाना सगळ्यात आधी भरा, कारण बाकीचं पुन्हा मोजता येतं. आत्याच्या टेलिफोनच्या पानावर माझ्याकडे फक्त साच्याचा क्रमांक आहे. तो तिच्या घरी कुठल्या वर्षी आला हे सांगू शकणारं माणूस आता कुणी उरलेलं नाही. फणीचं पानही ठेवलं आहे. त्यावर उरलेल्या तुकड्यांचा फोटो आहे आणि ते बाल्कनीत सैल झाकणाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत, एकटे ठेवले आहेत अशी नोंद.